परत

वन्संच्या पलंगाचा डावा पाय आखूड आहे.
त्याखाली डॉक्टरांनी दिलेलं जाड पुस्तक घातलंय,
रुग्णाची शुश्रूषा कशी करावी याचं.
पहिल्याच प्रकरणात म्हटलंय, आधी स्वतःची काळजी घ्या.
घेतली. पलंग आता डुगडुगत नाही.

माझी पुस्तकं वेगळी आहेत.
गोळ्यांच्या डब्याशेजारी एक मधमाशीपालनाचं, सरकारी, रुपया चार आणेवालं,
एक घड्याळदुरुस्तीचं, ज्यातलं मला निम्मं कळत नाही,
आणि एका विहीर खणणाऱ्याच्या आठवणी.
बहात्तर पानं, कव्हर नाही, आत शिक्का: रद्द.

कादंबरी नको वाटते हल्ली.
पुढे काय होणार याची धास्ती
घरात पुरेशी आहे.
मधमाश्यांचं तसं नाही. दर वेळी तेच:
पेटी सावकाश उघडावी. झटका देऊ नये.
आपला श्वास आत सोडू नये.
वन्संचा गाऊन बदलताना मी हे मनात म्हणते
आणि दुखरा हात आधी बाहीत घालते.

चौतीस वर्षं त्या मांडवीच्या ग्रंथालयात होत्या,
काचेच्या जमिनीवर, लोखंडी कपाटांमधून.
वरच्या मजल्यावर कोण चाललंय
ते खालून चपलांवरून ओळखायच्या.
लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी पुस्तक उशिरा दिलं
तर सख्ख्या भावजयीची पस्तीस पैशांची पावती फाडली.
पुस्तकात पेन्सिलीची रेघ दिसली
तर कॉलेजच्या पोरांना समोर बसवून खोडायला लावायच्या.
पावती आहे अजून माझ्याकडे. राग म्हणून ठेवलेली.

झटका आला त्यात सगळे शब्द गेले, एक उरला.
परत.
पाणी हवं, परत. कूस बदल, परत.
मधुकांताबेन आली, परत.
सुरसागरच्या बाजूने वरात गेली, बँड वाजला,
खिडकीकडे बोट: परत, परत.

तर विहीरवाला.
तो लिहितो, माणूस खाली उतरला की सगळे त्यालाच बघतात,
पण साल आधी निघते ती वर दोर धरणाऱ्याच्या हातांची.
त्याला तहान लागली तरी मूठ सोडता येत नाही,
आणि पाणी लागल्याची आरोळी येते ती खालून.

पहिल्या वाचनात हे पान मी नुसतं उलटलं होतं.
दुसऱ्यांदा रडू आलं; कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरण करपलं.
तिसऱ्यांदा पुढची ओळ दिसली:
दोरावर नेहमी दोघं असावीत.
दोनदा वाचूनही ही ओळ मी पाहिली कशी नाही?
दुसऱ्या दिवशी मधुकांताबेनला विचारलं,
दुपारी दोन ते पाच येशील का?
ती म्हणाली, चालशे, आणि पदर खोचला.
पहिल्या दुपारी मी कुठेही गेले नाही.
जिन्यात बसून लीलो चिवडो खाल्ला, पुडीतून, पोटभर.

चौथं वाचन काल रात्री.
दिवा वन्संच्या डोळ्यांवर येतो म्हणून आडवा केला होता,
त्या तिरक्या उजेडात समासात काहीतरी चमकलं.
पेन्सिल. पुसट, पण अक्षर ओळखीचं,
पावतीवरचं:
आईच्या वेळी मी एकटीच. ऑगस्ट ७८.

मी या घरात आले एक्याऐंशीत.
सासूबाई माझ्यासाठी फक्त हार घातलेला फोटो.
कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही,
आणि ज्या बाईने रेघेला दंड केला
तिने हे एवढं लिहून
पुस्तक रद्द करून घरी आणलं.

त्या जाग्याच होत्या. ते पान मी मोठ्याने वाचलं,
साल निघते तिथपासून दोघं असावीत तिथपर्यंत.
पेन्सिलीचं वाचलं नाही.
पुस्तक मिटलं.

परत, म्हणाल्या.

आता हे पुन्हा वाच, की भांडं दे?
भांडं दिलं. नको होतं.
मग चष्मा पुसला
आणि पान शोधलं.